विमानाचा पूर्वज

लखनौहून सीतापूर रस्त्याने उत्तरेला निघालं, की इंजिनिअरिंग कॉलेजचा चौक ओलांडल्यावर जानकीपुरम लागतं. विकास प्राधिकरणाने आखलेले सेक्टर, दोन-तीन मजली घरं आणि घरांना सपाट गच्च्या. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इथली निम्मी वस्ती या गच्च्यांवर असते. त्या दिवसाला लखनौत ‘जमघट’ म्हणतात. येवल्याला आणि नागपूरला संक्रांतीत आभाळाची जी गत होते, ती इथे दिवाळीनंतर होते. डोक्यावर पतंगांची दाटी, या गच्चीवरून त्या गच्चीवर हाकारे, आणि मधूनच कुठून तरी आरोळी, ‘वो काटा!’

याच जानकीपुरमच्या विस्तारात उत्तर प्रदेशचं तंत्रविद्यापीठ आहे आणि त्याला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचं नाव दिलेलं आहे. कलाम मद्रासला वैमानिकी अभियांत्रिकी शिकले आणि हवाई दलात वैमानिक व्हावं म्हणून डेहराडूनला मुलाखतीला गेले. जागा आठ होत्या, त्यांचा क्रमांक नववा आला. त्या विद्यापीठाच्या आसपास जमघटला जे पतंग उडतात, ते विमानाचे थेट पूर्वज आहेत, आणि तेच या प्रकरणात दाखवायचं आहे. आपल्या १९३४ च्या विमान कायद्यातही ‘एअरक्राफ्ट’च्या व्याख्येत फुगे, हवाई जहाजं, ग्लायडर आणि उडती यंत्रं यांच्या रांगेत पतंग बसवलेला होता. ज्याला हवेच्या प्रतिक्रियेमुळे वातावरणात आधार मिळतो ते विमान, असा त्या व्याख्येचा आशय. शास्त्राच्या दृष्टीने ती अगदी नेमकी आहे.

आधी हा पतंग जवळून पाहू. पातळ कागदाचा चौकोन, मधोमध बांबूची एक उभी काडी, आणि तिच्यावर आडवी वाकवलेली दुसरी, फार बारीक तासलेली कमान. शेपूट नाही, खाली टोकाशी कागदाचा छोटा त्रिकोण तेवढा. मुरलेला खेळाडू पतंग हातात आला की आधी त्याचा तोल बघतो. एका अंगाला झुकत असेल तर कमानीच्या दुसऱ्या टोकाला चिंधीचा तुकडा गुंडाळतो. मग कन्ने बांधतो, म्हणजे आपल्याकडचं मंगळसूत्र: वरची गाठ दोन काड्या जुळतात तिथे, खालची शेपटीच्या बाजूला. दोन्ही दोरे जिथे एकत्र येतात ती गाठ बोटाच्या पेराने वर-खाली सरकवून तो पुन्हा पुन्हा पाहतो. गाठ किंचित वर सरकली की पतंग वाऱ्याला कमी कोन देऊन स्थिर राहतो. किंचित खाली आली की छाती काढून वारा अडवतो, ओढ वाढते आणि गिरक्या घेऊ लागतो. विमानाच्या पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन हा वैमानिकीच्या अभ्यासातला पहिला धडा. इथे तो गाठीच्या जागेवरून ठरतो.

तिरपा कागद समोरून येणारा वारा खाली वळवतो. वारा खाली ढकलला गेला की कागद वर ढकलला जातो. वाऱ्याबरोबर वाहून जाण्यापासून त्याला दोरी अडवते. वारा पडलेला असेल तर मुलं दोरी धरून धावतात किंवा भराभर दोरी ओढून घेतात. हवा कागदावर यायची थांबली म्हणून मग कागदच हवेवर न्यायचा. ओढीचं हे काम विमानात इंजिन करतं. दोरी काढून तिथे पंखा आणि यंत्र बसवलं की विमानाचा आराखडा जवळजवळ पुरा होतो. जवळजवळ म्हणायचं कारण असं, की एक गोष्ट अजून उरते आणि तिच्यावरच शतकानुशतकांचे प्रयत्न फसले. तिच्याकडे पुढे येऊ.

माणसाने उडण्यासाठी पहिला आदर्श घेतला तो पक्ष्यांचा, आणि पक्ष्यात त्याला दिसली ती फडफड. नवव्या शतकात कोर्दोबाच्या अब्बास इब्न फिर्नासने पंख लावून झेप घेतल्याचं सांगितलं जातं. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या माम्झबरी मठातला आयल्मर नावाचा संन्यासी हातापायांना पंख बांधून मनोऱ्यावरून निघाला, शे-दोनशे मीटर गेला, पडला आणि दोन्ही पाय मोडून बसला. त्याच मठातल्या विल्यमने पुढे ही हकीकत लिहून ठेवली. तिच्यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण शेपूट लावलं नाही म्हणून पडलो, असं निदान आयल्मरने स्वतःच केलं होतं. पंख कमी पडले किंवा ताकद अपुरी ठरली, असं तो म्हणाला नाही. तोल राखणारा अवयव नव्हता, असं म्हणाला. पुढच्या आठशे वर्षांत कितीतरी विद्वानांना जे सुचलं नाही, ते या मोडक्या पायांच्या माणसाला कळलं होतं.

फडफडीचा मार्ग का बंद आहे, ते इटलीच्या बोरेल्लीने प्राण्यांच्या हालचालींवरच्या आपल्या ग्रंथात १६८० साली मांडलं. पक्ष्याच्या वजनात छातीच्या स्नायूंचा वाटा मोठा असतो. माणसाच्या छातीत तेवढा जोर नाही. निष्कर्ष बरोबर होता. चांगला कमावलेला माणूस तासन् तास दोन-तीनशे वॅटपेक्षा जास्त शक्ती देऊ शकत नाही. तेवढ्या शक्तीवर उडायचं तर यंत्र अतोनात हलकं हवं, आणि ते जमायला १९७७ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ‘गॉसमर कॉन्डॉर’ उडालं. १९७९ च्या जूनमध्ये ब्रायन ॲलनने ‘गॉसमर अल्बट्रॉस’ पायडल मारत इंग्लिश खाडी पार केली, २ तास ४९ मिनिटांत. रिकाम्या विमानाचं वजन जेमतेम ३२ किलो आणि पंखांचा पसारा सुमारे ३० मीटर. तिथेही पंख फडफडत नव्हतेच. पाय पायडलवर, पायडलने पंखा फिरायचा आणि पंख स्थिर.

फडफड सोडून वर जाण्याची पहिली वाट सापडली ती गरम हवेची. ४ जून १७८३ रोजी फ्रान्समधल्या अनोने गावी माँगोल्फिए बंधूंनी आपला फुगा लोकांसमोर सोडला. २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे त्यात बसून उडाले. पुढच्या जानेवारीत ल्यों शहरात सात माणसांना घेऊन एक प्रचंड फुगा वर गेला. या ल्योंचाच एक मुलगा तेव्हा लखनौमध्ये होता.

त्याचं नाव क्लोद मार्तां. लखनौ त्याला क्लॉड मार्टिन म्हणतं. १७३५ चा जन्म, फ्रेंच सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला, पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि नवाब असफ-उद-दौलाच्या काळात लखनौच्या शस्त्रागाराचा प्रमुख झाला. तोफा ओतणं, इमारती बांधणं, घड्याळं, पुस्तकं, सावकारी, नीळ, सगळ्यात त्याचा हात. मूत्राशयातला खडा त्याने बारीक कानशीसारखी तार आत घालून स्वतःच्या हाताने घासून काढला होता, एवढा तो यंत्रवेडा आणि धीट. युरोपातल्या बातम्या जहाजाने महिनोन् महिने प्रवास करून इथे पोचायच्या. तरीही पॅरिसच्या उड्डाणाला दोन वर्षं होतात न होतात तोच, १७८५ मध्ये, मार्तांने लखनौमध्ये गरम हवेचे फुगे सोडून दाखवले.

तो काळ डोळ्यांसमोर आणून बघावा. अवधमध्ये दुष्काळ पडला होता, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून नवाबाने १७८४ मध्ये बडा इमामबाडा बांधायला घेतला होता, आणि त्याच शहराच्या आभाळात हा फुगा. असफ-उद-दौलाला तो इतका आवडला, की वीस माणसं बसतील एवढा मोठा फुगा कर, असं त्याने मार्तांला फर्मावलं. त्यात माणसांच्या जिवाला धोका आहे, असं मार्तांने सांगितलं. त्याची काळजी तू करू नकोस, असं नवाबाचं उत्तर आल्याची आठवण सांगितली जाते. वीस माणसांचा तो फुगा काही झाला नाही, आणि मार्तांने नवाबाला धोका तोंडावर सांगितला हे मला त्याच्या सगळ्या कारागिरीइतकंच मोठं वाटतं. त्याच्या पैशातून निघालेलं ला मार्टिनिएर हे विद्यालय लखनौमध्ये आजही त्याच्या कॉन्स्टान्शिया या वाड्यात भरतं, आणि १८०० साली वारलेला मार्तां त्याच वाड्याच्या तळघरात पुरलेला आहे. लखनौचा वाटाड्या इमामबाड्याच्या भूलभुलैयाबद्दल तासभर बोलतो. या फुग्याबद्दलही त्याने चार शब्द सांगायला हवेत. भारताच्या हवाई इतिहासाच्या अगदी सुरुवातीच्या पानांपैकी एक इथे उघडलं.

फुग्याने माणूस वर गेला, पण जायचं कुठे ते वारा ठरवी. नवाबी लखनौला मात्र आभाळातल्या वस्तूला आपल्या मर्जीने फिरवण्याची कला ठाऊक होती, आणि ती पतंगाची. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवर जे लिहून ठेवलं आहे, त्यात पतंगबाजीला स्वतंत्र जागा आहे. चंग, तुक्कल, कनकौआ असे प्रकार होते. पतंगांना सोन्या-चांदीच्या जरीचे झुबके लावायचे आणि पतंग कटला तर तो ज्याच्या हाती लागेल त्याचं भाग्य उघडायचं, असा थाट होता. काही पतंगांतून रात्री कंदील चढवले जात.

फुग्याच्या मागे युरोप वेडा झालेला असताना इंग्लंडमधला यॉर्कशायरचा एक जमीनदार, जॉर्ज केली, वेगळ्याच दिशेने विचार करत होता. १७९९ साली त्याने चांदीच्या एका लहान चकतीवर एका बाजूला पंखावर येणाऱ्या बळांची आकृती कोरली आणि दुसऱ्या बाजूला स्थिर पंखांच्या विमानाची. उचलून धरण्याचं काम एका भागाने करायचं आणि पुढे रेटण्याचं दुसऱ्याने, ही त्याची कल्पना. पक्ष्याच्या पंखात ही दोन्ही कामं एकत्र मिसळलेली असतात, म्हणून तर नक्कल जमत नव्हती. पतंगात ती मुळातच वेगळी असतात: उचलतो कागद, ओढते दोरी. केलीला हे दिसलं. १८०४ मध्ये त्याने जे पहिलं ग्लायडर केलं, त्यात एका लांब काठीवर नेहमीचा कागदी पतंग तिरपा बसवला होता आणि मागे अधिक चिन्हाच्या आकाराचं हलतं शेपूट. ते टेकडीवरून सोडलं की सरळ तरंगत खाली जायचं. विमानाच्या वंशावळीतला पहिला पंख हा असा शब्दशः पतंग होता.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक नाव आलेलं असणार: शिवकर बापूजी तळपदे. १८६४ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेले, संस्कृताचे जाणकार. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, त्यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं मानवरहित विमान दीड हजार फूट चढवलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती खरी असती तर मला आनंदच झाला असता. पण त्या घटनेचा एकही समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही: ना आकृती, ना छायाचित्र, ना मोजमापाची वही. कथेला आधार म्हणून पुढे केला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथही प्राचीन नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी, मुकुंद आणि देशपांडे त्यांच्यातलेच, १९७४ साली त्याची छाननी केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातल्या आकृत्यांप्रमाणे बनवलेलं कोणतंही यंत्र उडू शकणार नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. तळपद्यांनी प्रयत्न केले असतील. पैसा, कार्यशाळा, सोबती यांच्याविना गिरगावात एखादा माणूस विमानाचं स्वप्न बघत होता, हीच मोठी गोष्ट आहे. तिचा मान राखायचा तर न झालेल्या उड्डाणाचा टिळा तिला लावू नये.

त्याच सुमारास, नोव्हेंबर १८९४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या स्टॅनवेल पार्कच्या समुद्रकिनाऱ्यावर लॉरेन्स हारग्रेव्हने चार पतंगांच्या माळेला स्वतःला बांधून घेतलं आणि वाऱ्यावर १६ फूट वर गेला. त्याचे पतंग आपल्यासारखे सपाट नव्हते. दोन पेट्या मागेपुढे जोडाव्या तसे, दोन्ही बाजूंनी उघडे. या पेटीपतंगाला उचल भरपूर आणि स्थैर्य तर विलक्षण. हारग्रेव्हने त्याचं पेटंट घेतलं नाही. सगळे आराखडे छापून जगाला देऊन टाकले. पॅरिसमध्ये आल्बर्टो सान्तोस-द्युमाँने १९०६ मध्ये जे ‘१४-बिस’ उडवलं, त्याचे पंख म्हणजे हारग्रेव्हच्या पेट्याच. इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल आणि कोडी यांनी माणूस उचलणारे पतंग सैन्यासाठी तयार केले, आणि १९०८ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं विमान उडवलं ते याच पतंगवाल्या कोडीने.

आता विमानाच्या आराखड्यातली ती उरलेली गोष्ट: तोल. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने १८९१ पासून टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा ग्लायडर उडवलं. तोल सांभाळायला तो स्वतःचे पाय इकडेतिकडे झुलवायचा. ऑगस्ट १८९६ मध्ये वाऱ्याच्या एका झोताने ग्लायडरचं नाक वर गेलं, पाय झुलवून ते सावरलं नाही, आणि तो कोसळून दुसऱ्या दिवशी गेला. अमेरिकेत डेटन शहरात सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने पुढे हिशेब मांडला: पाच वर्षांत लिलिएन्थाल प्रत्यक्ष हवेत होता तो एकूण पाचेक तास. पाच तासांत कुणाला सायकलही नीट येणार नाही. अडचण यंत्राची कमी आणि सरावाची जास्त आहे, हे विल्बरचं निदान. जो सराव जीव न घालवता तासन् तास करता येईल असा हवा होता, तो पतंगाने मिळणार होता.

१८९९ च्या उन्हाळ्यात विल्बरने पाच फुटांचा दुमजली पतंग केला. त्याला चार दोऱ्या, दोन्ही हातांत एकेक काठी. काठ्या उलटसुलट फिरवल्या की एका बाजूचे पंख वरच्या अंगाला पिळले जायचे आणि दुसऱ्या बाजूचे खालच्या. ही पिळण्याची कल्पना त्याला दुकानात ट्यूबचा रिकामा लांबट खोका हातात पिळताना सुचली होती. डेटनच्या मोकळ्या मैदानात, शाळकरी मुलांच्या देखत, त्याने पतंग डावीकडे-उजवीकडे झुकवून दाखवला. एकदा दोऱ्या सैल पडल्या आणि पतंगाने अशी बुडी मारली, की मुलं जमिनीवर पालथी पडली.

जानकीपुरमच्या गच्चीवर लढवायचा पतंग उडवणाऱ्याला ही बुडी ओळखीची आहे. आपला पतंग मुद्दामच अस्थिर असतो. ढील दिली की कागद सपाट होतो, त्याला दिशेचं भान उरत नाही आणि तो जागीच गरगर फिरतो. फिरता फिरता त्याचं टोक हव्या त्या दिशेला आलं की खेळाडू झटकन खेच देतो. वाऱ्याच्या दाबाने बारीक कमान मागे वाकते, दोन्ही बाजू किंचित वर उचलल्या जातात, पतंग स्थिर होतो आणि टोक असेल त्या दिशेला सरळ धावत सुटतो. पुन्हा ढील, पुन्हा गिरकी, पुन्हा खेच. पेच लढवायचा, प्रतिस्पर्ध्याच्या दोरीखालून शिरायचं, आयत्या वेळी निसटायचं, हे सगळं या दोनच गोष्टींवर चालतं. शेपटीवाला पतंग स्वतःच स्थिर राहतो, पण त्याला कुणी लढवू शकत नाही.

विमानाच्या बाबतीत नेमका हाच वाद होता. युरोपातले बहुतेक प्रयोगकर्ते आपोआप स्थिर राहणारं यंत्र शोधत होते. राइट बंधूंनी जाणूनबुजून अस्थिर यंत्र निवडलं आणि त्याला सांभाळायचं काम माणसाच्या हातांकडे दिलं. १९०० मध्ये किटी हॉकच्या वाळूत त्यांनी माणूस मावेल एवढं ग्लायडर नेलं आणि बराच काळ ते दोरीला बांधून पतंगासारखंच उडवलं. १९०१ चं ग्लायडर अपेक्षेपेक्षा निम्मंही उचलेना, तेव्हा त्यांनी एक लाकडी वाऱ्याचा बोगदा बांधून पंखांचे दोनेकशे नमुने तपासले. १९०२ मध्ये हलतं शेपूट बसवून शेकडो वेळा ते तरंगत उतरले. इंजिनाचा विचार त्यानंतर केला, आणि तेही १२ अश्वशक्तीचं, दुकानातल्या चार्ली टेलरने बनवलेलं. तिकडे सॅम्युएल लँग्लीकडे सरकारचे ५० हजार डॉलर होते आणि ५२ अश्वशक्तीचं देखणं इंजिन. त्याचं विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी दोन्ही वेळा पोटोमॅक नदीत पडलं. नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, ऑर्विल राइट १२ सेकंदांत १२० फूट गेला. त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फूट गाठले. चौपट ताकद नदीत गेली आणि हात बसलेला माणूस हवेत राहिला. उडण्याच्या सगळ्या इतिहासात मला यापेक्षा बोलका आठवडा दिसत नाही. राइट बंधूंचं पुढचं वागणं मात्र मला हारग्रेव्हइतकं मोठं वाटत नाही; पेटंटच्या भांडणांत त्यांनी अनेक वर्षं घालवली.

सात वर्षांत हे यंत्र आपल्याकडे पोचलं, तेही पतंगाच्याच रूपात. ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीच्या पहिल्या विमानाला लोकांनी ‘बॉक्सकाइट’ म्हणजे पेटीपतंग हेच नाव दिलं होतं. ते १९१० च्या डिसेंबरात कलकत्त्याला आलं आणि जानेवारी १९११ मध्ये औरंगाबादेजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, घोडदळाच्या दख्खनी सरावात उतरलं. चालवत होता फ्रेंच वैमानिक आंरी झ्युलरो, आणि टेहळणीला बसला होता कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. मराठवाड्याच्या माळावर घोडेस्वारांच्या डोक्यावरून कापड आणि लाकडाची ती दुमजली पेटी गेली असेल, तेव्हा घोड्याचं युद्धातलं काम संपत आल्याचं किती जणांच्या ध्यानात आलं असेल?

महिनाभरातच, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, लखनौपासून दोनशे किलोमीटरवरच्या अलाहाबादेत, प्रदर्शन भरलेलं असताना, २३ वर्षांच्या आंरी पेकेने साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत झेप घेतली. १३ मिनिटं लागली. जगातली ही पहिली अधिकृत हवाई टपाल. त्याचं हंबर-सोमेर विमानही दुमजली पंखांचंच, त्याच पेटीपतंगाच्या घराण्यातलं. त्या दिवशीचा गुलाबी-जांभळा शिक्का असलेली पाकिटं संग्राहक आजही जिवापाड जपतात.

पहिल्या महायुद्धात श्रीकृष्ण वेलिणकर हा मुंबईचा तरुण ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. जून १९१८ मध्ये तो फ्रान्समध्ये कामी आला आणि तिथल्याच मातीत पुरला गेला. मराठी माणसाच्या उड्डाणाचा पुराव्यानिशी अभिमान बाळगायचा असेल, तर हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवं. जे. आर. डी. टाटांचा १९२९ चा परवाना आणि कराची ते जुहू हे १९३२ चं उड्डाण आपल्याला पाठ आहे. वेलिणकर आपण विसरलो.

जानकीपुरमच्या शेजारीच, सीतापूर रस्त्याच्या अल्याड, त्रिवेणीनगर आहे. तिथे वाढलेले आणि अलीगंजच्या शाळेत शिकलेले शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी ॲक्सिऑम-४ मोहिमेत निघाले आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोचले. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी अवकाशात गेलेला हा दुसरा भारतीय. शुक्ला मुळात हवाई दलातले चाचणी वैमानिक. चाचणी वैमानिकाचं काम म्हणजे नवं विमान कुठल्या टोकाला नेल्यावर हाताबाहेर जातं आणि तिथून परत कसं आणायचं, ते शोधून लिहून ठेवणं. यंत्र किती जोरदार आहे हा प्रश्न त्या कामात दुसरा येतो.

आणि गच्चीचाच विषय आहे तर कांदिवलीची एक गच्ची सांगायलाच हवी. चारकोपमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी वर्षानुवर्षं खपून सहा आसनी विमान उभं केलं. पंख सुटे करून, क्रेनने खाली उतरवून त्यांनी ते फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं, तेव्हा मुंबईकरांनी रांगा लावल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. प्रायोगिक उड्डाणाची परवानगी मिळायला आणखी दोन वर्षं गेली. अशा विमानाची चाचणी पायरीपायरीनेच होते: आधी धावपट्टीवर हळू धाव, मग वेगाने धाव, मग चाकं उचलून लगेच टेकवणारी लहान उडी, आणि या सगळ्यात सुकाणू आणि शेपूट हाताला नीट उत्तर देतात याची खात्री पटली तरच पुढचं. राइट बंधूंनी पतंग, ग्लायडर, विमान हा जो क्रम पाळला, त्यातलंच हे शहाणपण. यादवांच्या विमानाला त्यासाठी धुळ्याची धावपट्टी मिळाली, आणि २०२० साली ते तिथून हवेत गेलं.